चष्मा काढायचा नाही

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे आहे. नाव: सहादू निवृत्ती पगारे. राहणार: नाशिक रोड. वय: पासष्टीच्या अलीकडे-पलीकडे. बांधा: मध्यम, पोट: सेवानिवृत्तीनंतरचे. पूर्वीचा व्यवसाय: नोटांच्या प्रेसमध्ये छापील कागदातील दोष शोधणे. ओळखीची खूण: शर्टाच्या वरच्या खिशात पुठ्ठ्याचा ग्रहणचष्मा, ग्रहण असो वा नसो. सार्वजनिक पद: संस्थापक-अध्यक्ष, ग्रहण प्रबोधन समिती (नोंदणी विचाराधीन). सदर इसमाविरुद्ध परिसरात कोणतीही तक्रार नाही. लाउडस्पीकरबाबत एक होती, ती तक्रारदार घर बदलून गेल्याने निकाली निघाली.

समितीचं काम असं. सूर्यग्रहण आलं की बाकीचं गाव वेध पाळतं, अन्नावर तुळशीची पानं ठेवतं, जेवत नाही, पाणी पीत नाही, आणि ग्रहण सुटल्यावर अंघोळ करतं. सहादू नेमके त्याच वेळी जेवतात. एकटे नव्हे, विहारासमोरच्या मोकळ्या मैदानात, मंडप टाकून, चारचौघांत. ग्रहणाला सुरुवात झाली की लताबाई, म्हणजे सौभाग्यवती पगारे, कढईत कांदाभजी सोडतात आणि सहादू माइक हातात घेतात. भजी लताबाईंची आणि भाषण सहादूंचं, अशी कामाची वाटणी होती. लोक दोहोंपैकी कशासाठी येतात, याची पाहणी समितीनं कधी केली नाही.

भाषणात चंद्राची सावली, पृथ्वीची कक्षा, राहू-केतूंचा समाचार हे सगळं यायचंच, पण दर दोन वाक्यांनंतर सहादूंचा एक हुकूम सुटायचा, "चष्मा काढायचा नाही!" उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिलं की डोळा जातो. प्रेसमध्ये आयुष्यभर डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाला ही गोष्ट इतकी लागलेली होती, की कुणी भजं खाली ठेवून कपाळावरचा घाम पुसायला चष्मा जरा वर केला, तरी सहादू माइकवरून त्याचं नाव घेत. हुकूम त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की भाचीच्या लग्नात आशीर्वादाचे दोन शब्द बोलताना, गॉगल घातलेल्या नवरदेवाकडे पाहून त्यांनी "सुखाने संसार करा" आणि "चष्मा काढायचा नाही" ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली. नवरदेवानं फोटो संपेपर्यंत गॉगल काढला नाही.

समितीला विरोधी पक्ष होता. त्याचं नाव बहिरू कुटे. हे सायखेड्याचे. प्रेसमध्ये सहादूंच्या समोरच्या टेबलावर बसून त्यांनी अख्खी नोकरी काढली, आणि निवृत्तीनंतर गावी द्राक्षबाग पाहू लागले. बहिरू ग्रहण पाळणारे. तरीही प्रत्येक ग्रहणाला ते मोटारसायकलवरून नाशिक रोडला येत, मंडपात पहिल्या रांगेत बसत, खिशातून तुळशीचं पान काढून भज्यावर ठेवत आणि मग भजं खात.

"पान ठेवलं की चालतंय," ते म्हणत.

"म्हणजे खाल्लंस ना?" सहादू विचारत.

"पान ठिवून."

"पण ग्रहणात खाल्लंस."

"अरे, पान कशाला ठिवलं मंग?"

हे संभाषण दोघेही आपण जिंकलो असं समजून संपवत. मैत्री टिकण्याचं हेही एक कारण असावं.

एकदा बहिरूंनी मुसळाचा विषय काढला. ग्रहण लागलं की परातीतल्या पाण्यात मुसळ आपोआप उभं राहतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. सहादूंनी ग्रहण नसलेला एक साधा मंगळवार निवडला, सायखेड्याला गेले, बहिरूंच्याच ओट्यावर परात मांडली आणि बहिरूंचंच मुसळ उभं करायला बसले. दुपारभर मुसळ पडत राहिलं. शेवटी, चहा गार झाल्यावर, ते उभं राहिलं. सहादूंना मात्र उठता येईना. कंबरेत उसण भरली होती. त्यांना दोघांनी धरून रिक्षात बसवलं. बहिरूंचं म्हणणं पडलं की मुसळ उभं राहिलं हे खरं, पण त्यानं किंमत वसूल केली.

या सगळ्यात बहिरूंचा एक प्रश्न मात्र असा होता, की त्याला सहादूंकडे उत्तर नव्हतं. तो ते दर भाषणाच्या शेवटी, बोटाला लागलेलं बेसन पुसत विचारत.

"सहादू, हे तू खग्रास खग्रास म्हणतो. सूर्य पार झाकला जातो, दिवसा तारे दिसत्यात, कडेनं प्रभा फाकती. तू पाह्यलंय का?"

सहादूंनी पाहिलेलं नव्हतं. नाशिकला त्यांच्या हयातीत जी ग्रहणं आली ती खंडग्रास, म्हणजे चंद्रानं सूर्याचा एक घास घेऊन सोडून दिलेला. दोन हजार नऊ साली ते खास गाडी करून सुरतेकडे गेले होते. तिथं खग्रास झालंही. पण जुलै महिना, आभाळ भरलेलं. सकाळी उजाडता उजाडता परत काळोख झाला, कुत्री गप्प झाली, आणि थोड्या वेळानं पुन्हा उजाडलं. सूर्य कुठं होता हे कुणालाच कळलं नाही. परत आल्यावर त्यांनी त्या अंधाराचं वर्णन केलं तेव्हा बहिरू म्हणाले, "अंधार तर आमच्याकडं रोज पडतोय. लोडशेडिंग हाय."

मंडप हसला. सहादू हसले नाहीत. कारण प्रबोधनाच्या पहिल्या भाषणापासून त्यांचा सिद्धांत एकच होता: कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पोथीत आहे म्हणून मानू नका, स्वतः पाहा आणि मग बोला. आणि खग्रासाबद्दल ते स्वतः पुस्तकात वाचून बोलत होते. बहिरूंची पोथी वेगळी आणि सहादूंची वेगळी, एवढाच फरक उरत होता. हे बहिरूंच्या लक्षात आलं नव्हतं, पण सहादूंच्या आलं होतं, आणि ते त्यांना झोपू देत नव्हतं.

अशात संघर्षचा फोन आला. संघर्ष म्हणजे चिरंजीव. सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत, डॅलसजवळ. सून स्नेहा गरोदर होती, बाळंतपणाला आई-पप्पांनी यावं असं त्याचं म्हणणं. लताबाईंनी डिंक आणि खारीक कुठून घ्यायची ते मनात ठरवून टाकलं. सहादूंनी तारीख विचारली. बाळंतपणाची नव्हे, विमानाच्या तिकिटाची. एप्रिल दोन हजार चोवीसचं खग्रास सूर्यग्रहण डॅलसवरूनच जाणार होतं, हे त्यांना नातवंडाच्या बातमीआधी माहीत होतं. तिथं राहणारा मुलगा आपलाच आहे, हा योग त्यांना आत्ता दिसला.

निघण्यापूर्वी विहारात त्यांनी जाहीर केलं, "मी जाणार, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आणि परत आल्यावर इथं उभा राहून सांगणार. त्यानंतर कुणी विचारायचं नाही, पाह्यलंय का म्हणून."

मागच्या रांगेतून बहिरू म्हणाले, "नाय विचारणार. पण तवर विचारतो."

विहाराच्या सेक्रेटरींनी वर्षावासातली एक संध्याकाळ लिहून ठेवली. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं, आणि श्रोते हमखास असतात, कारण बाहेर पाऊस असतो. विषय: 'मी पाहिलेले खग्रास'. वक्ते: सहादू पगारे. असा हा व्याख्यानाचा विषय ग्रहण होण्याआधी फलकावर लागला.

अमेरिकेत ग्रहणाच्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं होतं. सहादू बाल्कनीत उभे राहून ढगांकडे अशा नजरेनं पाहत होते, की जणू ते सुरतेहून त्यांच्या मागावर आले आहेत. दुपारपर्यंत ढग पांगले. घराजवळच्या मैदानात माणसं घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या आणि कुत्री घेऊन जमली होती. पगारे कुटुंबानं चादर अंथरली. लताबाईंनी डब्यातून भजी काढली. सहादूंनी पिशवीतून एक काकडी काढली.

काकडीचा प्रयोग त्यांनी महिनाभर आधी ठरवला होता. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर बाळाला व्यंग येतं, असा समज. स्नेहानं ग्रहणात काकडी चिरावी, त्याचा फोटो काढावा, आणि तो नाशिक रोडला दाखवावा. स्नेहाला समजाबिमजाचं काही नव्हतं. तिला फक्त उन्हानं मळमळत होतं.

"पप्पा, काकडी घरी गेल्यावर चिरते ना."

"घरी ग्रहण नाहीये, बाळा."

सार्वजनिक जागी सुरी नेऊन भलता घोळ नको, म्हणून संघर्षनं प्लास्टिकची सुरी आणली होती. प्लास्टिकच्या सुरीनं काकडी चिरली जात नाही, हे त्या दिवसाचं पहिलं वैज्ञानिक निरीक्षण. स्नेहानं ती शेवटी दातानं तोडून खाल्ली. फोटो काढला गेला, पण त्यात नुसतीच एक बाई काकडी खाताना दिसते.

सूर्याचा घास घेणं सुरू झालं. सगळ्यांनी चष्मे लावले. ऊन पातळ होत गेलं, वारा गार झाला, सावल्यांच्या कडा धारदार दिसू लागल्या. सूर्याची कोर नखाएवढी, मग नखाच्या कडेएवढी राहिली. सहादूंनी लताबाईंचा हात धरला, जे त्यांनी नाशिकमध्ये चारचौघांत कधी केलं नव्हतं.

आणि कोर विझली.

मैदानात एकदम आरोळी उठली. संघर्ष ओरडला, "पप्पा, आता चष्मा काढा!"

इथं एक खुलासा आवश्यक आहे. सूर्य पूर्ण झाकला गेला की तेवढी काही मिनिटं चष्मा काढायचा असतो. उघड्या डोळ्यांनी पाहायचं असतं. त्या चष्म्यातून सूर्याखेरीज काहीच दिसत नाही, आणि सूर्य तर झाकलेला. हे संघर्षनं आदल्या दिवशी पप्पांना सांगितलं होतं. सहादूंनी ऐकूनही घेतलं होतं, आणि मनातल्या मनात ते अमेरिकन निष्काळजीपणाच्या खात्यात टाकलं होतं. खंडग्रास ग्रहणात चष्मा कधीच काढायचा नसतो. सहादूंनी आयुष्यभर खंडग्रासच केली होती.

त्यामुळे त्यांना चष्म्यातून दिसला तो गच्च काळोख. त्यांना वाटलं, ढग आला.

"पप्पा, चष्मा!"

"चष्मा काढायचा नाही!" सहादू गरजले. आवाज नेहमीचाच होता, फक्त माइक नव्हता. "कुणीही काढायचा नाही! ढग जाईल आत्ता, एकदम ऊन येईल, डोळे जातील!"

आजूबाजूची माणसं हसत होती, रडत होती, टाळ्या वाजवत होती. यावरून सहादूंनी ताडलं की या लोकांनी चष्मे काढलेले आहेत. समितीच्या अध्यक्षाला हे पाहवणं शक्य नव्हतं. पाहता तर काहीच येत नव्हतं. ते हात पुढे करून अंधारात निघाले. प्रथम त्यांना लताबाईंचं डोकं सापडलं. लताबाईंनी चष्मा काढलेला आहे हे बोटांना कळताच, त्यांनी तो शोधून परत त्यांच्या डोळ्यांवर बसवण्याचा प्रयत्न केला. लताबाईंनी हात झटकला. मग ते शेजारच्या कुटुंबाकडे वळले, एका बर्फाच्या पेटीला अडखळले आणि एका अनोळखी, धिप्पाड, म्हाताऱ्या गोऱ्या माणसाच्या अंगावर जाऊन थांबले. त्यानं त्यांना मिठी मारली. त्याला वाटलं, या गृहस्थांना भरून आलंय.

मिठीतच उजाडलं. चष्म्यात सूर्याची बारीक कोर पुन्हा उमटली.

"गेला ढग," सहादू समाधानानं म्हणाले. "ऐन वेळेला आला होता. आता लागेल बघा खग्रास."

गाडीत बसल्यावर स्नेहानं, अगदी हळू आवाजात, काय झालं ते त्यांना सांगितलं. सहादूंनी चष्मा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "काकडी उरलीये का?"

महिन्याभरानं नात झाली, हातपाय-ओठ सगळं जागच्या जागी. बहिरूंचा अभिनंदनाचा फोन आला. काकडीची हकिगत ऐकून ते म्हणाले, "चिरली कुठं? खाल्ली. म्हंजी प्रयोग झालाच नाय. बरं, ते जाऊ दे. पाह्यलं का?"

"येऊन सांगतो," सहादू म्हणाले.

त्यानंतरचे सगळे दिवस सहादूंनी नातीला मांडीवर घेऊन फोनवर खग्रासाचे व्हिडिओ पाहण्यात घालवले. प्रभा कशी दिसते, गुलाबी ठिपका कुठं दिसतो, शुक्र कोणत्या बाजूला. सगळं तोंडपाठ झालं. नाशिकमध्ये कुणाला कळणार होतं? लताबाई हे पाहत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सहादूंना वाटत होतं. न बोलणाऱ्या बायकोसमोर खोट्याची तयारी करणं फार अवघड काम आहे.

सप्टेंबरात दोघं परतले. ठरलेल्या संध्याकाळी विहार भरला होता. बाहेर पाऊस होता, आत चटया कमी पडल्या. पांढरा शर्ट, खिशात चष्मा, समोर माइक. सहादूंनी बुद्धवंदना झाल्यावर सुरुवात केली. विमान कसं असतं, अमेरिकेतले रस्ते, तिथलं पाणी, पृथ्वी-चंद्राची अंतरं. चांगलाच वेळ गेला, पण ग्रहण काही लागेना. शेवटी मागून बहिरू उठले.

"सहादू, अमेरिका राहू दे. दिसलं कसं त्येवढं सांग. मंग मी गप."

सहादूंनी माइक या हातातून त्या हातात घेतला. व्हिडिओतली प्रभा डोळ्यांसमोर लख्ख उभी होती. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं.

"दिसलं नाही," ते म्हणाले.

बहिरूंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. मित्राला बसायला जागा करून द्यावी तसे ते घाईनं म्हणाले, "ढग व्हते आसतील. तिकडंबी ढग आसत्यात. त्येला कोण काय करणार."

ढग म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. नाशिककरांना ग्रहण आणि ढग यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. सहादूंनी खिशातला पुठ्ठ्याचा चष्मा काढला आणि वर धरला.

"ढग नव्हते," ते म्हणाले. "हा होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काळोख, आरोळी, बर्फाची पेटी, मिठी. हसं इतकं झालं की सेक्रेटरींनी दोनदा घंटी वाजवली आणि तिसऱ्यांदा तेही हसले. बहिरू मात्र हसत नव्हते. ते डोळे बारीक करून ऐकत होते.

"म्हंजी तू तिथं व्हता, सूर्य तिथं व्हता, आन् तू पाह्यलंच नाय?"

"नाही."

"मंग पाह्यलं कुणी?"

बायकांच्या बाजूनं लताबाईंचा आवाज आला. "मी पाहिलं. हे माझ्याही डोळ्यांवर चष्मा घालत होते."

सगळा विहार वळून बसला. लताबाई इतकी वर्षं समितीच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर होत्या, पण कढईपलीकडे त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. माइक त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो पळीसारखा धरला.

"चुलीवर तवा असतो ना," त्या म्हणाल्या, "मोठा तवा. जाळ मोठा झाला की तव्याच्या कडेनं सगळीकडून बाहेर येतो. मधे काळा तवा आणि भोवती जाळ. तसं. पण जाळ पांढरा. आणि हलत नाही. आणि तवा धरायला कुणी नाही, तो वर नुसताच आहे. खाली एक लाल ठिणगी अडकलेली. सगळ्या बाजूंनी एकदमच संध्याकाळ झाल्यासारखं तांबूस. चांदणी दिसत होती दुपारी."

"भ्या वाटलं का, वहिनी?" बहिरूंनी विचारलं.

"वाटलं. पण ते यांच्यामुळे. कुणाच्या अंगावर पडतील म्हणून निम्मा वेळ यांच्याकडेच लक्ष." त्यांनी सहादूंकडे पाहिलं. "मी यांचा चष्मा ओढून काढायला पाहिजे होता. मला जमलं असतं. पण वर ते इतकं होतं, की चष्म्याचं मी विसरूनच गेले."

सहादू म्हणाले, "काढला असता तर मी ओरडलो असतो."

"ओरडतच होतात की."

त्या संध्याकाळी लताबाईंना पुष्कळ प्रश्न विचारले गेले. ज्याचं उत्तर माहीत नव्हतं, तिथं त्यांनी "ते मी पाहिलं नाही" असं सांगितलं. सहादू शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी मान डोलवत होते. हा सिद्धांत त्यांचाच होता, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. बहिरूंनी मागे बसून अवाक्षरही काढलं नाही. जाताना त्यांनी सहादूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"खोटं बोलला आसता तर मी पकडला आसता तुला," ते म्हणाले.

"कसा?"

"नाय, नसता पकडला. पण लय वाईट वाटलं आसतं. न पकडताबी." मग मोटारसायकलला किक मारून म्हणाले, "वहिनीला सायखेड्याला पाठव. आमच्या बायांच्या बचत गटाला ऐकायचंय. तू आला तरी चालंल."

सायखेड्याचा कार्यक्रम दिवाळीनंतर मारुतीच्या पारावर झाला. निमंत्रणपत्रिका रीतसर छापली होती. प्रमुख वक्त्या: सौ. लताबाई सहादू पगारे, खग्रास सूर्यग्रहणाच्या प्रत्यक्षदर्शी. अध्यक्षस्थान: श्री. बहिरू कुटे, प्रगतशील द्राक्ष बागायतदार. चहापान व्यवस्था: श्री. सहादू निवृत्ती पगारे, संस्थापक-अध्यक्ष, ग्रहण प्रबोधन समिती, नाशिक रोड, तथा प्रत्यक्षदर्शींचे यजमान.

चहात साखर जास्त झाली होती.